बाबांच्या दाराला बांधलेला पट्टा

मित्रांनो, या जगात जे जे ताठ उभे आहे, ते मागून कुणीतरी ओढून धरले आहे म्हणूनच! हे थोर सत्य सांगणारा मी एक जुना रबरी पट्टा आहे. सध्या एका दाराच्या मुठीला ओल्या मोज्यासारखा लोंबतो.

माझ्या जन्मात विशेष काही नाही. फुगा किंवा हातमोजा व्हायचा राहिलो, एवढेच. मला आणणारी मुलगी व्हिडिओ गेम खेळायची, तेही पोटासाठी. खेळता खेळता तिचे खांदे कानांना भिडले, पाठीवरची खांद्यांची पाती पंखांसारखी बाहेर आली आणि उजव्या हाताची बोटे ऐन रंगात बधिर होऊ लागली. ती ज्या संघातून खेळायची, त्याची निवडचाचणी तोंडावर आली होती. बोटे फसली, तर जागा गेली.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "खांदे खाली. पाती सावकाश मागे, एकमेकांजवळ. पट्टा भक्कम दाराला बांधा."

घरात भक्कम दार एकच, बाबांच्या खोलीचे. ते गेल्यापासून त्याला कुलूप. हयातभर त्याच दारात उभे राहून ते म्हणत, "कुबड काढून बसू नकोस गं!"

पहिल्याच दिवशी तिने शत्रू लोळवावा तसे मला हिसके दिले. तेव्हा माझे मुठीकडचे टोक हळूच ताणले गेले. मी रबर आहे. कोण कुठून ओढते, ते मला कळते. पलीकडून कुणीतरी मूठ धरली होती.

"आई, आत कोण आहे?"

"कोण असणार? किल्ली माझ्याकडे आहे."

"अगं, दार ओढतंय!"

आईने कमरेची किल्ली चाचपून पाहिली. "मग तूही ओढ. पण नीट उभी राहून. नाहीतर सोडायचे नाहीत ते."

तसेच झाले. हिसका दिला की पलीकडचा हात अडून बसे. पाती सावकाश मागे आली की सैल सोडी. मूठ मात्र बर्फासारखी गार पडे.

चाचणीत बोटे शाबूत राहिली, जागा टिकली. कौतुक मात्र तिने खेळायला घेतलेल्या नव्या खुर्चीचे झाले. मला कुणी सोडवलेसुद्धा नाही.

आता ती पुन्हा वाकून बसते. परवा खेळता खेळता तिने बोटे झटकली, आणि माझ्यामागे कुलूपबंद दार बोटभर उघडले. तिच्या कानांवर हेडफोन होते.

म्हणून मित्रांनो, रोज थोडा वेळ खांदे खाली घ्या, पाती मागे न्या. कुणाला उठून यायला लावू नका. आणि तिच्या घरी गेलात, तर माझ्यावर चिमूटभर पावडर टाका. फार चिकट झालो आहे हो.