वापरकर्ता ४४७१

माणसाच्या मनाचा ठाव आजवर कोणालाही लागला नव्हता; तो अखेर विज्ञानाने लावला आहे. हे वाक्य हिंजवडीतल्या एका कंपनीत लिफ्टशेजारच्या काचेवर कोरलेलं होतं. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असल्यामुळे ते पुष्कळांच्या वाचनात आलं होतं. वाचून झाल्यावर जिन्याने चौथ्या मजल्यावर जाणाऱ्यांच्या मनात काय चाललेलं असे, ते ओळखायला मात्र विज्ञान लागत नव्हतं.

कंपनीचं काम असं: इंटरनेटवर लोक काय शोधतात, कोणत्या जाहिरातीवर क्लिक करतात, याची नोंद ठेवायची आणि ती अमेरिकेतल्या एका फार मोठ्या कंपनीला द्यायची. त्या फार मोठ्या कंपनीला तिच्याहून जराशीच लहान अशी एक स्पर्धक होती. नावं घेण्यात अर्थ नाही, दोघींकडे वकील भरपूर आहेत. आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू. थोरलीने ईमेल फुकट दिला, की धाकटी फुकटच पण दुप्पट जागेचा देई. माणसाला दिवसभरात जे काही शोधायचं असेल ते त्याने आपल्याकडेच शोधावं, एवढी माफक इच्छा दोघींची होती.

माणूस ओळखायची पद्धत सोपी होती. तो पहिल्यांदा आला की त्याच्या कॉम्प्युटरवर नंबर घातलेली एक चिठ्ठी गुपचूप ठेवून द्यायची. पुढच्या वेळी चिठ्ठी दिसली की समजायचं, हा तोच. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. २००८च्या उन्हाळ्यात शैलेश बोरगावकर या सव्वीस वर्षांच्या ॲनालिस्टला मागच्या दोन वर्षांच्या नोंदींत असाच एक नंबर सापडला : ४४७१.

सर्वसाधारण माणूस शंभर जाहिराती पाहतो आणि एकीवर क्लिक करतो, तेही बहुधा चुकून. ४४७१ शंभर पाहायचा आणि शंभरांवर क्लिक करायचा. गुडघ्याचे पट्टे, मॉरिशसची सहल, भात कापायचं यंत्र, केसांचा कलप, परदेशात एमबीए, पाळीव कुत्र्यांचा विमा. कशालाच त्याची ना नव्हती. पत्ता शोधता टेलिफोन लाइनवरून एवढंच कळलं, की हा मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, माले गावाच्या आसपास राहतो.

शैलेशने अहवाल लिहिला. 'वय चाळीस ते सत्तर. मोठं एकत्र कुटुंब. धरणाकाठी स्वतःचा बंगला. शेती आधुनिक. घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा किंवा दोन्ही. दर गुरुवारी इंटरनेट अजिबात वापरत नाही. यावरून धार्मिक वृत्ती, बहुधा दत्तभक्त.' हे शेवटचं वाक्य त्याच्या मॅनेजर ज्ञानदा मॅडमना इतकं आवडलं, की त्यांनी ते ठळक अक्षरांत करून अमेरिकेला पाठवलं.

एकच काळजी होती. ४४७१ एक दिवस थोरलीकडे दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी गायब असायचा. कुठे जात होता ते उघड होतं. धाकटीचं काम करणारा मनीष शैलेशला रोज चहाच्या टपरीवर भेटायचा, आणि तो हल्ली "आमचा एक मुळशीचा कस्टमर आहे ना..." अशी वाक्यं अर्धवट सोडू लागला होता.

मग बातमी आली, की थोरलीचे व्हाइस प्रेसिडेंट डग साहेब पुण्याला येणार आहेत आणि त्यांना ४४७१ला प्रत्यक्ष भेटायचं आहे.

"तू भेटवून दे," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "साहेब खूश झाले तर सहा महिने ऑनसाइट. कॅलिफोर्निया. तुझंच नाव आहे."

शैलेशने ही गोष्ट वसमतला वडिलांना फोनवर सांगितली, ही त्याची चूक. वडिलांनी सूटकेस आणली, शैलेशच्या जुन्या मापावरून कोट शिवायला टाकला आणि गल्लीत 'शैलेश अमेरिकेला गेला' असं सरळ भूतकाळात सांगायला सुरुवात केली. त्यामुळे आता अमेरिकेला न जाता वसमतला जाणंही त्याला शक्य राहिलं नव्हतं.

शनिवारी तो मोटरसायकलवरून माण, घोटवडे करत पौडला आणि तिथून माले गावात पोचला. रस्त्याकडेच्या हॉटेलात गल्ल्यावर हैबतराव बसले होते. त्यांना त्याने विचारलं, "इथे एक मोठा बंगला आहे ना, इंटरनेट वापरणाऱ्यांचा?"

"बंगले लई हायेत," हैबतराव म्हणाले. "पर त्यात मानूस न्हाई ऱ्हात, वॉचमन ऱ्हातो. इंटरनेट व्हय? मंग भाभीकडं जावा. समद्या गावाचं तितंच हाय."

भाभी म्हणजे सुलताना. तिचा नवरा रमजान पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात पूर्वीच्या एसटीडी बूथची काचेची खोली होती. तिच्यात आता कॉम्प्युटर होता आणि काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : 'येथे इंटरनेट बघून मिळेल.'

बघून मिळेल, याचा अर्थ शब्दशः होता. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. सुरुवातीला लावू देत होते. पण तंबाखू मळलेल्या बोटांचा चुना जाऊन कीबोर्डाची तीन बटणं बसली, तेव्हापासून हा नियम झाला. गिऱ्हाइकाने स्टुलावर बसून काय पाहिजे ते बोलायचं, आणि भाभीने शोधायचं. शैलेश आत गेला तेव्हा स्टुलावर कुशाबा नावाचे म्हातारे गृहस्थ होते.

"गुडघ्याचं काय नवीन निघालंय का बघ गं," कुशाबा म्हणत होते.

"आबा, मंगळवारी तर बघितलं."

"मंगळवारपास्नं काय न्हाई निघालं? येवढी शास्त्रज्ञ मंडळी करत्यात काय बसून?"

सुलतानाने टाइप केलं. पान उघडायला दोन मिनिटं लागली. बाजूला सहा जाहिराती आल्या. तिने पहिलीवर क्लिक केलं, ती पूर्ण उघडेपर्यंत वाट पाहिली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, "बघितलं बरं का," असं स्क्रीनला सांगितलं आणि बंद केली. मग दुसरी. मग तिसरी.

शैलेश स्टुलाजवळ सरकला.

"भाभी, या सगळ्या जाहिराती कशाला उघडता?"

"मंग काय करायचं दादा? बोलवत्यात की. ह्ये बघा, 'मुळशीकरांसाठी खास' लिवलंय. कुनी दारातनं 'या' म्हनलं तर तसंच म्होरं जायाचं व्हय? पाच मिंटं टेकायचं, बघायचं, उठायचं."

'मुळशीकरांसाठी खास' ही ओळ मार्चमध्ये शैलेशनेच घालायला लावली होती. तिच्यामुळे क्लिक वाढल्याबद्दल त्याला कंपनीने एक कॉफी मग दिला होता.

"पण घेता का त्यातलं काही?"

"घ्याया कुटं बोलवलंय? बघाया बोलवलंय."

"आणि एक दिवस हे शोधयंत्र, एक दिवस दुसरं, असं का?"

"आता गावात किराणाची दोन दुकानं. एक नलिनीताईचं, एक शेडग्यांचं. सारकं एकाकडनंच घेतलं तर दुसरा रुसतो. दोनी आपलीच मानसं. तसंच हाय ह्ये."

शैलेशने शेवटचा प्रश्न फार जपून विचारला. "गुरुवारी तुम्ही... गुरुवार पाळता का?"

"मी? न्हाई बा. गुरुवारी लाईट नसती."

"कॉम्प्युटरचा उपास!" कुशाबा म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर गुडघा दुखेपर्यंत हसले.

परतताना शैलेशने घोटवड्यात मोटरसायकल थांबवून ज्ञानदा मॅडमना फोन लावला. "मॅडम, ४४७१ म्हणजे माणूस नाहीये. अख्खं गाव आहे."

"क्लिक कोण करतं?"

"एक भाभी आहेत."

"एकट्याच?"

"हो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत."

"कुकी किती?"

"एक."

"मग झालं तर! एक बोट, एक कुकी, एक युजर. आपण माणसं मोजतो असं काँट्रॅक्टमध्ये कुठे लिहिलंय? दाखव मला."

असं खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी डग साहेब ज्ञानदा मॅडम आणि शैलेशला घेऊन आले. पांढरी गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा रमजानने पंखे एका बाजूला लावून वाट केली होती आणि कुशाबा नवी टोपी घालून स्टुलावर आधीच बसलेले होते. आज त्यांना काही शोधायचं नव्हतं. पण नेहमीचं गिऱ्हाईक पाहुण्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सुलतानाने चहा दिला. साहेबांनी तो घेतला आणि विचारलं, की तुम्ही आमच्या जाहिराती इतक्या प्रेमाने का पाहता?

"बोलवत्यात म्हनून," सुलताना म्हणाली.

ज्ञानदा मॅडमनी इंग्रजीत भाषांतर केलं, की वापरकर्त्याला आपल्याला आमंत्रण मिळाल्यासारखं वाटतं. साहेबांनी 'आमंत्रण' हा शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. शैलेशला कॅलिफोर्निया इतकं जवळ आलं, की त्याला तिथलं ऊन लागलं.

साहेबांचा दुसरा प्रश्न, की शेवटचं काय विकत घेतलंत?

"ह्येंनी चेष्टा चालवलीय का?" सुलतानाने शैलेशला विचारलं.

"विचार चालू आहे, असं त्या म्हणतात," मॅडमनी भाषांतर केलं.

साहेब प्रसन्न झाले. ते म्हणाले, की विचारच चालू असेल तर पहिली खरेदी माझ्यातर्फे होऊ दे, या आजोबांसाठी. त्यांनी भाभीची परवानगी मागितली, आणि त्या कॉम्प्युटरच्या इतिहासात भाभीशिवाय दुसऱ्या माणसाने पहिल्यांदाच माउस हातात घेतला. रमजानने साहेबांची बोटं नीट पाहून घेतली, चुना नव्हता.

साहेबांनी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात उघडली. माप विचारलं. कुशाबांनी पाय पुढे केला. पैसे स्वतःच्या कार्डावरून भरायला साहेब तयार झाले, सुलतानाने पत्ता सांगितला, शैलेशने तो टाइप केला आणि शेवटी पिनकोड घातला. दोन मिनिटं सगळे गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत उभे राहिले. मग एक लाल ओळ आली. या पिनकोडवर माल पोचवला जात नाही.

साहेब हसले. त्यांनी दुसरी जाहिरात उघडली. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा लाल ओळ. तिसरीलाही तेच. चौथी केसांच्या कलपाची होती. कुशाबांना तो नको होता, पण आता प्रश्न कलपाचा राहिला नव्हता. सहाही जाहिराती संपल्यावर डग साहेबांनी मागेपुढे न पाहता धाकटीचं पान उघडलं. ज्ञानदा मॅडम खिडकीतून डोंगराकडे बघू लागल्या. धाकटीचीही लाल ओळ आली, फक्त अक्षरं थोडी मोठी होती.

"पार्सल पिरंगुटपतूर येतं," कुशाबांनी माहिती पुरवली. "तितं कंपन्या हायेत ना. हितं न्हाई येत. पट्टा तर मी मागल्याच म्हयन्यात पुन्याहून आनलाय, येष्टीनं." त्यांनी धोतर जरा वर घेऊन दाखवला.

"भाभी," शैलेश हळूच म्हणाला, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"म्हाईत न्हाई तर काय! म्हनून तर निस्तं बघतो."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"इचारलं कुनी?"

गाडीत बसण्यापूर्वी डग साहेब शैलेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की आज जे दिसलं ते सगळं लिही, काही लपवू नकोस. शुक्रवारपर्यंत मला अहवाल पाठव; तो वाचून ऑनसाइट कोणाला न्यायचं ते मी ठरवेन.

अहवाल अकरा पानांचा झाला. नवव्या पानावर एकच वाक्य होतं : 'वापरकर्ता ४४७१ जिथे राहतो तिथे, आपण दोन वर्षं त्याला दाखवत असलेल्या वस्तूंपैकी एकही पोचत नाही.'

"नववं पान काढ," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या.

"पण साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलंय म्हणूनच. पाहिलेलं विसरता येतं. लिहिलेलं पुढे फॉरवर्ड होतं."

शैलेशने ते पान दोनदा काढलं आणि तीनदा घातलं. वाक्य ठेवलं तर साहेबांना दोन वर्षांचा हिशेब वर कोणाला तरी द्यावा लागणार, आणि असा हिशेब मागणाऱ्या मुलाला कोणी सोबत नेत नाही. काढलं तर साहेब म्हणणार, याला लपवू नको म्हटलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने नवव्या पानासकट अहवाल पाठवला. सोबत कंपनीचंच एक तंत्र वापरून त्याने त्यात डोळ्याला न दिसणारं एक चित्र बसवलं. अहवाल कोणी, कधी, कुठून उघडला, याची त्यामुळे आपोआप नोंद होते. साहेबांनी नववं पान वाचलं, की त्याला लगेच कळणार होतं.

दोन आठवड्यांनी ऑनसाइटचं नाव जाहीर झालं : दयानंद. तो पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा आणि त्याने जाहिरातींची एकही ओळ कधी लिहिली नव्हती. पण त्याचा व्हिसा आधीच तयार होता. वसमतहून कोट आला तो दयानंदला बरोबर बसला, म्हणून शैलेशने त्याला देऊन टाकला.

नववं पान नडलं, असं शैलेशने धरून चाललं होतं. साहेबांनी ते नेमकं कितव्या दिवशी वाचलं हे पाहायला त्याने नोंद उघडली. अहवाल एकदाच उघडला गेला होता, शनिवारी सकाळी, हिंजवडीजवळच्या जांबे गावातून. तिथे शैलेश भाड्याने राहत होता आणि पाठवलेली फाइल नीट उघडते का, हे त्या सकाळी त्यानेच तपासलं होतं.