दोन नाकांचा पेला

मी एक जुना पेला आहे. काचेचा, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता. काठावरचा एक टवका उडालाय, तेवढं सोडलं तर अजून दिसायला बरा आहे, असं आपलं माझं मत.

मित्रांनो, माझा जन्म फुंकरीतून झाला. एका कारागिराने वितळलेल्या काचेचा गोळा लांब नळीच्या टोकावर घेतला, गाल फुगवले आणि माझ्यात श्वास भरला. त्यानंतर तो माझ्याकडे ढुंकूनही बघायला आला नाही. वाईट वाटून घ्यायला मात्र मला सवड मिळाली नाही, कारण दोन भावांनी मला लगेच विकत नेलं.

थोरला बिअर करायचा आणि धाकटा जगभरच्या बिअर चाखून मासिकात परीक्षणं लिहायचा. साधीसुधी बिअर नव्हे. काळीभोर, कडक, बाटलीत वर्षानुवर्षं मुरत ठेवायची. ती प्यायचं तुमचं वय नाही, तेव्हा तुम्ही नुसतं ऐका. थोरल्याच्या कारखान्यामागे एक खोली होती. तिथे दोघं जेवणाआधी, जीभ ताजी असताना बसायचे. टेबल लहान, खुर्च्या दोन, पेला मात्र एकच. पेले दोन झाले की वासही दोन होतात, असं थोरल्याचं म्हणणं.

थोरला मला थोडा भरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून डोळे मिटायचा. मग वास उडू नये म्हणून माझ्या तोंडावर तळवा ठेवून मला पलीकडे सरकवायचा. "घे. तुझं नाक काय म्हणतं ते सांग." कडक बिअर गार असताना मुखदुर्बळ असते, ऊब लागली की बोलायला लागते. थोरल्याचा तळवा कायम उबदार असायचा.

त्याची शिस्तही कडक होती. मला साबण लावायचा नाही, त्याने फेस मरतो. उपडा ठेवायचा नाही, फळीचा कुबट वास आत कोंडतो. आणि धाकट्याला एकच ताकीद होती. "खराब असेल तर खराब म्हणायचं. माझी असली तरी."

ते दिवस सुखाचे होते. धाकट्याच्या शब्दावर लोक बाटल्या घ्यायचे. एकदा मासिकात माझा फोटो छापून आला आणि मी आणखीच फुगलो.

मग थोरला गेला. सकाळी पिंपाचं झाकण उघडता उघडता कोसळला, तो उठलाच नाही.

धाकट्याचा हात मात्र सवय सोडेना. तो मला भरायचा आणि आधी रिकाम्या खुर्चीपुढे सरकवायचा. थोडा थांबून परत ओढून घ्यायचा. आणि मित्रांनो, तेवढ्या वेळात माझ्या तोंडावर तळवा यायचा. दिसायचं काहीच नाही. पण गार भरलेला मी परत येताना कोमट असायचो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा धाकट्याने चटका बसल्यासारखी बोटं मागे घेतली. पुढे पुढे तो वाट बघायला लागला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि मला तर तोंड असून बोलता येत नव्हतं.

पुढे धाकटा तापाने फणफणला. ताप उतरला, पण जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेला. हे सगळ्यात आधी मला कळलं. पूर्वी नाक आत आलं की एखाद्या वासापाशी श्वास अडखळायचा. आता तो सरळ आत जायचा आणि सरळ बाहेर यायचा. तरी परीक्षणं चालूच राहिली, जुने शब्द आठवून लिहिलेली. लोक वाहवा करत होते. माझ्यावरचा तो न दिसणारा तळवा मात्र दिवसेंदिवस जड होत होता. मला भीती वाटायची.

एका सकाळी वहिनी आली, थोरल्याची बायको. टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली तिने टेबलावर ठेवली आणि थोरल्याच्या खुर्चीत बसली.

"भाऊजी, ह्यांच्या हातची ही शेवटचीच. कारखाना परत चालू करायचं ठरवलंय मी. नव्या माणसाकडून अगदी अशीच बिअर करून घ्यायची. तुम्ही चव सांगाल, तशीच ती होणार."

धाकट्याने बूच काढलं, मला भरलं आणि सवयीने तिच्यापुढे सरकवलं. तिला वाटलं, आपल्यालाच दिलाय. हात लावताच ती दचकली. "अगंबाई, हा एवढा कोमट कसा?" तिने भीतभीत वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि मला परत केलं.

धाकट्याने डोळे मिटले. "अहाहा! सुकं जर्दाळू. करपलेली साखर. शेवटी जुनं लाकूड. दादा तो दादाच."

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "मला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

"तुम्हाला सवय नाही वहिनी. थांबा, आणखी ओततो."

त्याने बाटली उचलली. बाटलीची मान माझ्या काठावर आदळली आणि टवका उडाला. हात थरथरला असं तो आजही सांगतो. धक्का वहिनीच्या मागच्या रिकाम्या बाजूने आला होता, हे मला माहीत आहे.

धाकटा तुटलेल्या काठाकडे बघत राहिला. "मला वासच येत नाही वहिनी. ताप आला ना, तेव्हापासून."

"मग इतके दिवस लिहीत होतात, ते?"

"आठवून."

वहिनीने टवका उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ह्यांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"खराब असेल तर खराब म्हणायचं."

"मग म्हणा की."

धाकट्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जिथे कुणीच नव्हतं. "दादा, खराब झालीय रे," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. वहिनीने बिअर मोरीत ओतली. माझ्यावरचा तळवा उचलला गेला. मी एकदम गार पडलो.

धाकट्याने मासिकाला खरं काय ते कळवलं आणि लिहिणं थांबवलं. कारखाना आता पुन्हा चालू आहे. वहिनी वास घेते, धाकटा त्या वासाला नाव शोधून देतो. दोघांचे पेलेही दोन आहेत, नवेकोरे. टवका उडालेला मी वरच्या फळीवर असतो, धूळ बसू नये म्हणून उपडा घातलेला. फळीचा कुबट वास माझ्यात कोंडतो. तळवा त्या दिवसानंतर आला नाही.

मित्रांनो, येत नाही तो वास येतोय म्हणू नका. शेजारी कुणी नसलं तरी ऐकणारं कुणीतरी असतं. आणि माझं एवढंच एक मागणं आहे. कधी त्या खोलीत गेलात, तर मला सुलटा करून ठेवा. तो परत आलाच, तर त्याला हात ठेवायला माझं तोंड सापडायला हवं.