एक मजला खाली

कोर्सला सगळे तिला लिफ्टवाली म्हणायचे, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. का वाटावं? बारा वर्षं तिनं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. हातात बॅटरी घेऊन खाली खड्ड्यात उतरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, आणि काही खटकलं की सरळ लाल पट्टी लावून लिफ्ट बंद करायची. भलेभले बिल्डर तिच्यापुढे हात चोळत उभे राहायचे. अशी बाई अडतिसाव्या वर्षी नोकरी सोडते आणि प्राथमिक शाळेत शिकवायचं म्हणून पदवीनंतरचा एक वर्षाचा कोर्स घेते, म्हटल्यावर लोकांनी तोंडात बोटं घातली. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "यंत्राची भाषा कळते मला. पोरांची न कळायला काय झालं?"

आणि इथंच ती आपटली.

झालं असं, की कोर्समध्ये बाकी सगळं कागदावर असलं तरी एक परीक्षा वर्गात व्हायची. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे पाठ घ्यायचा, आणि मागच्या बाकावर परीक्षक वही उघडून बसणार. शंभर गुण, पास व्हायला साठ. हिच्या वाट्याला आल्या त्या मॅडम, ज्यांना अख्खा कोर्स पाठीमागे 'लाल शाई' म्हणायचा. तीस वर्षं त्या पाठ तपासत होत्या. त्यांनी कधी कुणाला शाबासकी दिल्याचं किंवा आपली चूक मान्य केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पाठ होता दुसरीच्या वर्गाला, शंभरपर्यंतच्या संख्यांचा. लिफ्टवालीचं टाचण असं तयार, की कुठल्या मिनिटाला खडू उचलायचा तेसुद्धा लिहिलेलं. तिनं एकेक संख्या सांगितली, पोरांनी पाट्यांवर लिहिली. "एकोणतीस," ती म्हणाली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं ऐटीत ३९ लिहून पाटी वर केली.

ही मुलगी म्हणजे वर्गाची वकीलबाई. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंडाला टाळं म्हणून नाही. वर्गातली सगळी भांडणं तिच्याकडे निवाड्याला यायची.

"चुकलं," लिफ्टवाली म्हणाली. "दोनवर नऊ."

"दोन कुठून आला?" वकीलबाई उठून उभीच राहिली. "एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतंय. तीस म्हटलं की तीन. तुम्हीच सांगितलं होतं."

आता बोला! पोरगी शंभर टक्के बरोबर बोलत होती. पण टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती, घड्याळ पुढे पळत होतं, आणि लिफ्टवाली म्हणून गेली, "ते तसंच असतं. पाठ करून टाक."

वकीलबाई खाली बसली. त्यानंतर तासभर तिनं हात वर केला नाही.

गुण पडले बावन्न. शेऱ्याच्या जागी लाल अक्षरांत एकच ओळ होती : 'मुलीनं कारण विचारलं, तुम्ही हुकूम दिलात.' लिफ्टवालीनं ती ओळ दहा वेळा वाचली. राग आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा राग आला, पण या वेळी स्वतःचा. नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती. तीही गेली तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आणि नोकरीचा राजीनामा तर केव्हाच देऊन झाला होता.

"लोक लिफ्टमध्ये अडकले की तुला फोन करायचे," नवरा म्हणाला. "आता तूच अडकलीस. कुणाला फोन करायचा?"

"गप रे," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता तिचा हात चहाच्या कपावरच थांबला. लिफ्ट! तीस म्हणजे तिसावा मजला. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तिसाव्याच्या एक मजला खाली! अहो, तो शब्दच ओरडून सांगतोय, 'एक उणा, एक उणा', आणि आपण जन्मभर ऐकलाच नाही. ती टेबलावर थाप मारून इतक्या मोठ्यानं हसली, की सासूबाई काय झालं म्हणून आतून धावत आल्या.

"मला उंच खोकं हवंय," लिफ्टवाली म्हणाली. "माणसाएवढं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघण्यासारखं होतं. चार वर्षं माळ्यावर पडलेलं फ्रिजचं खोकं, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून त्यांनी जपलेलं, आणि त्यावरून घरानं त्यांची केलेली चेष्टा, सगळं त्या एका क्षणात वसूल झालं. "टाकून द्या म्हणत होतात ना?" त्यांनी मुलाला सुनावलं. "चढ आता माळ्यावर."

तीन दिवस जेवणाचं टेबल म्हणजे कारखाना. शंभर मजले, दर मजला बरोबर पावणेदोन सेंटिमीटर. दशकाचे मजले लाल, बाकीचे निळे. काड्यापेटीची लिफ्ट, दोऱ्याचं रीळ वर कप्पी म्हणून, आणि दुसऱ्या टोकाला समतोलासाठी नवऱ्याच्या शर्टाची दोन बटणं. लिफ्ट हात सोडला तरी जागच्या जागी थांबायची. नवऱ्यानं विचारलं, की एवढं काटेकोर कशाला, पोरांना काय कळतंय. "लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली तर दार कुठे उघडणार?" ती म्हणाली.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी खोकं फळ्याला टेकून उभं राहिलं आणि वर्गात नुसता कल्ला झाला. लाल शाई मागच्या बाकावर, तोंडावरची रेषही न हलवता. यंत्र तयार होतं, आणि यंत्र तयार असलं की लिफ्टवालीला कुणाच्या बापाची भीती वाटत नसे.

"एकोण म्हणजे एक कमी," ती म्हणाली. "एकोणवीस. आधी विसाव्या मजल्यावर चला. आता?"

"एक मजला खाली!" पस्तीस गळे.

"कितीवर आलो?"

"एकावर नऊ!"

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. वकीलबाईनं पाटीवर २९ लिहिलं, त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि स्वतःशीच मान हलवली, जणू समोरच्या पक्षाचा पुरावा मान्य केला. सगळं तेल घातल्यासारखं चाललं होतं. लिफ्टवाली रंगात आली. "एकोणसत्तर!" असं म्हणून तिनं दोरा ओढला आणि लिफ्ट झोकात नेऊन उभी केली ७९वर.

पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, लिफ्ट वर गेली!"

लिफ्टवालीनं बघितलं. सात आणि नऊ. सत्तर ऐकलं आणि हात साताकडे गेला. तीच चूक, त्या पोरीनं केलेली, अगदी तीच. मागच्या बाकावर पेन चालल्याचा आवाज आला.

अशा वेळी मास्तर लोकांकडे एक वाक्य तयार असतं. 'शाब्बास! मी मुद्दाम चुकले, तुमचं लक्ष आहे का ते बघत होते.' तिच्याही जिभेच्या टोकावर ते आलं. पण बारा वर्षांत तिनं एक गोष्ट शिकली होती. वहीत खोटी सही केली, की लिफ्टला ते कळत नाही, दोर तुटायचा तेव्हा तुटतोच.

"चुकले," ती म्हणाली. "मुद्दाम नाही, खरंच चुकले. का चुकले असेन, कोण सांगेल?"

वकीलबाई उठली. फ्रॉक झटकला. "तुम्हाला सत्तर ऐकू आलं. म्हणून तुम्ही सातात गेलात. पण एकोण आधी म्हटलंय ना! ते ऐकलंच नाही तुम्ही." मग जरा मऊ आवाजात, "माझं पण असंच झालं होतं."

"ये, तूच आण लिफ्ट खाली."

त्या पोरीनं दोरा धरला, आणि सत्तराव्या मजल्याच्या एक खाली लिफ्ट आणून अशी उभी केली, की दार बरोबर दारासमोर आलं असतं. मग मागच्या बाकांवरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरांनीही हात वर केले. 'मी आणतो', 'मी आणते', 'मला एकोणऐंशी द्या'. पाठ संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

बाहेर व्हरांड्यात लाल शाईनी विचारलं, "ती एकोणसत्तरची चूक मुद्दाम होती ना?" प्रश्न असा, की 'हो' म्हटलं की सुटका.

"नाही मॅडम. चुकलेच."

"हं," असं म्हणून त्या निघून गेल्या. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात लिफ्टवालीची संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्सच्या ऑफिसात क्लार्कनं निकालाचा कागद पुढे ओढला, चष्मा वर केला, खाली केला आणि जिभेनं च्यक् केलं. "एका गुणानं गेलात की हो."

"दाखवा."

गुणांचे दोन रकाने होते. अंकी : ६९. अक्षरी : एकोणसाठ. दोन्ही लाल शाईतच.

"अहो, ६९ लिहिलंय!"

"अक्षरी बघा ना. एकोणसाठ म्हणजे पाचावर नऊ. अंकी आणि अक्षरी जुळत नसेल तर अक्षरी धरायचं, नियम आहे." क्लार्क वाईट माणूस नव्हता, पण नियम सांगताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची. "मॅडमनी स्वतः दुरुस्त करून सही केली तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी आजवर कधी खाडाखोड केलेली नाही. तीस वर्षांत."

लिफ्टवालीच्या तोंडचं पाणी पळालं. आता मात्र पळालं, खोटं कशाला सांगा. यातलं खरं कुठलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. अंक चुकला असेल तर ती खरोखरच नापास होती, आणि वर्ष पुन्हा. पण न विचारता घरी जाणं तिला जमणारं नव्हतं. तिनं कागद घेतला आणि जिना चढून वर गेली.

लाल शाई खिडकीपाशी वह्या तपासत होत्या. लिफ्टवालीनं कागद पुढे ठेवला. "मॅडम, दोन रकाने दोन मजल्यांवर आहेत. लिफ्ट कुठे थांबवायची होती तेवढं सांगा. एकोणसाठ असेल तर मी हा कागद घेऊन जाते आणि पुढच्या वर्षी येते."

लाल शाईनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे ओठ हलत होते. साठ... एक मजला खाली... त्यांनी पेनाचं टोक हवेतच किंचित खाली आणलं. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"साठावर नऊ द्यायचे होते," त्या हळूच म्हणाल्या. "सहा दिसला आणि हातानं साठ लिहिलं."

लिफ्टवालीचा जीव भांड्यात पडला होता, तो ती नीट पडू देत होती.

लाल शाईनी तीस वर्षांत पहिल्यांदा खाडाखोड केली. एकोणसाठ एका सरळ रेघेनं खोडलं, वर एकोणसत्तर लिहिलं, शेजारी सही केली. टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि शेऱ्यात एक ओळ वाढवली : 'चूक झाकली नाही. वर्गानं ती दुरुस्त केली.' कागद परत देताना त्या म्हणाल्या, "मुद्दाम चुकले म्हणाला असतात तर साठही दिले नसते. आणि त्या पुढच्या बाकावरच्या मुलीला सांगा, मीसुद्धा चुकले म्हणून. तिला कळायला हवं."

लिफ्टवाली तडक शाळेत गेली. मधली सुट्टी होती. वकीलबाई खोक्यापाशी दोन पोरांचा निवाडा करत उभी होती, लिफ्ट आधी कुणी चालवायची याचा. लिफ्टवालीनं तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सहा दिसला, साठ लिहिलं. एवढ्या मोठ्या मॅडम, तीस वर्षं पाठ तपासणाऱ्या.

पोरगी लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं लिफ्टवालीकडे वर बघितलं, फार बारीक नजरेनं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना? पाठ करून टाका म्हणालात?"

"नाही गं," लिफ्टवाली म्हणाली, आणि पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. "आता कुणालाच तसं नाही म्हणणार."

"मग ठीक आहे," वकीलबाई म्हणाली, आणि आपल्या निवाड्याला परत गेली.