रॅब तिथे पडीक असायचा

रॅब कायम पडीक असायचा. घरी नाही, गुत्त्यातही नाही. गुत्त्यात असता तर निदान चार बायकांत सांगता तरी आलं असतं. तो पडीक असायचा आमच्या समोरच्या जमिनीवर, रंगाचा कारखाना पाडल्यावर उरलेल्या त्या उजाड तुकड्यावर, स्वतःच्या हातानं ठोकलेल्या कबुतरांच्या ढाबळीत. कामावरून आला, बूट न काढता दोन घास खाल्ले, की निघाला. बावीस वर्षं मी खिडकीतून ओरडले, "पडीक जागेवर पडीक राहून तूही तसलाच होशील रे!" आणि तो ढाबळीच्या वरच्या झरोक्यातून हात हलवायचा. ऐकू यायचं की नाही, देव जाणे.

मार्चमध्ये गेला. ढाबळीतच, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या बसल्या. चहा घेऊन मीच गेले होते.

त्यानंतर सहा आठवड्यांनी ढाबळीच्या दारावर एक कागद डकवलेला दिसला. 'ही जागा वापरात नाही. येत्या मोजणीत वापर न आढळल्यास जागेला कुंपण घालून तिच्यावरील बेवारस बांधकामे काढण्यात येतील.'

बेवारस! माझं डोकंच फिरलं. मी विधवा झाले होते, मेले नव्हते.

आणि कुंपण म्हणजे काय ते आमच्या डॉनरेथ स्ट्रीटवरच्या कुणालाही विचारा. शाळेमागच्या तुकड्याला चौदा वर्षांपूर्वी घातलंय. आत मोडके सोफे, गाद्या आणि उंदीर. आपल्याला जाता येत नाही आणि नगरपालिकेचं कुणी फिरकत नाही. पूर्वी तिथे पोरं खेळायची.

कागद फाडून घेतला आणि तशीच नगरपालिकेच्या ऑफिसात गेले. तिथे इमरी नावाचा गृहस्थ भेटला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, आवाज एकदम मऊ.

"बसा ना, मिसेस मॅकगरी."

"उभीच बरी आहे. हे बेवारस कुणी लिहिलं?"

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे बघा, अख्ख्या स्कॉटलंडात दरवर्षी मोजणी होते. पडीक जमिनीच्या पाचशे मीटरच्या आत किती लोक राहतात, ते आम्ही काढतो. तुमचं घर एक्केचाळीस मीटरवर आहे."

"एकसष्ट पावलं," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्या ओट्यापासून ढाबळीच्या दारापर्यंत एकसष्ट पावलं. चहा निवायच्या आत पोचवायचा असायचा, म्हणून ठाऊक आहे. तुझं घर किती पावलांवर?"

"माझं? मी कधी मोजलं नाही."

"वा रे वा. आमचं दरवर्षी, आणि स्वतःचं कधीच नाही."

तो कसनुसं हसला. मग त्यानं आमच्या जागेची नोंद उघडली. वर्ष, क्षेत्रफळ, आणि शेवटी एक रकाना: वापर. मी चष्मा लावला. वापर: नाही. त्याच्या खाली, नाही. त्याच्या खालीही नाहीच. रॅबनं ढाबळ बांधली त्या वर्षापासून मी बोट ठेवत ठेवत आले. बावीस ओळी, बावीस वेळा नाही.

"पण माझा नवरा तिथे होता," मी म्हटलं. "रोज."

"आमचा माणूस रस्त्यावरून बघतो हो, गाडीतून. त्याला दिसणार काय? मळकट शेड, बंद दार, आसपास कुणी नाही..."

"अरे, तो आत होता!"

मला तिथेच रडू फुटलं. माझा नवरा बावीस वर्षं एका जागी उभा होता, आणि सरकारी कागदावर तिथे चिटपाखरू नव्हतं. वर मीही त्याला तेच ऐकवायची, काय आहे तिथे, कोण आहे तिथे, म्हणून. कागदात आणि माझ्यात फरक काय राहिला?

इमरीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "पडीक जमिनींच्या यादीत असण्याचा फायदाही आहे, बरं का. माती साफ करायची योजना फक्त यादीतल्या जागांसाठीच असते."

आमची माती साफ करण्याजोगीच आहे. शिसं मुरलंय तिच्यात. 'खोदू नये' अशी पाटी आहे. पाऊस पडला की डबक्यांना हिरवी कड येते, आणि रॅबचे बूट मी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत.

"किती वर्षं यादीत आहोत आम्ही?"

"एकतीस."

"आणि साफ किती झालं?"

मला दिलेलं पाणी तोच प्यायला.

"मोजणी कधी आहे?"

"गुरुवारी, दहाच्या सुमारास. या वेळी मी स्वतः येईन," तो म्हणाला. "वापर दिसला तर वापर लिहीन. शब्द देतो."

आता दिसायला हवा तर कबुतरं उडायला हवीत, आणि मला कबुतरातलं ओ की ठो कळत नव्हतं. होती तीही दोनच. एक म्हातारी मादी, जिला उडायचा कंटाळा, आणि एक छाताड फुगवून फिरणारा नर, ज्याचं नाव रॅबनं बोका ठेवलं होतं. तिसरी होती निळी. रॅबची लाडकी, याच ढाबळीत अंड्यातून निघालेली. रॅब गेल्यावर आठवड्याभरात माझ्याच हातून दार उघडं राहिलं आणि ती गेली शुगच्या ढाबळीत.

शुग म्हणजे जमिनीच्या पलीकडच्या कडेचा ढाबळवाला. त्याची आणि रॅबची बावीस वर्षांची दुश्मनी. खेळच तसा आहे. मी माझा नर सोडायचा, तू तुझी मादी सोडायची, कोण कुणाला भुलवून आपल्या घरी नेतं ते बघायचं. पाखरू झरोक्यापुढच्या फळीवर उतरून आत शिरलं की आतून दोरी ओढायची, झडप बंद. शिरलं त्याचं. मागायचं नाही, परत द्यायचं नाही, मग सख्खा भाऊ का असेना.

मी तरी मागायला गेले होते. दुखवट्याचे दिवस, म्हटलं माणुसकी असेल.

"नेट्टा, शिरलं त्याचं," शुग म्हणाला होता. "रॅब असता तर त्यानं मागितलीच नसती."

"रॅब असता तर तुझ्या हाती लागली असती का, मेल्या?"

"ते खरं," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

आता मोजणीचं सांगायला पुन्हा त्याच्याच दारात गेले. कुंपण आलं तर त्याचीही ढाबळ जाणार होती. तो म्हणाला, "गप राहा. ढाबळी मळकट हिरव्या नाहीतर काळ्या का असतात? नजरेत भरू नयेत म्हणून. आपण त्यांना दिसत नाही, म्हणून तर आजवर टिकलोय."

"दिसलो नाही म्हणूनच हे बेवारस लागलंय कपाळी!"

"तू भलतंच काही करू नकोस हं."

मी भलतंच केलं. स्वयंपाकघराला लावायचा म्हणून रॅबनं सहा वर्षांपूर्वी आणलेला पिवळा रंग कपाटात तसाच पडून होता. मंगळवारी सकाळी घरची शिडी लावली आणि संध्याकाळपर्यंत ढाबळ वरपासून खालपर्यंत पिवळीधमक केली. गाडीतून काय, विमानातून दिसली असती. मी स्वतःवर जाम खूश.

बुधवारी बोक्याला दारातून बाहेर सोडलं. तो एक फेरी मारून आला, फळीपाशी पंख फडफडवले, आणि घराचा तो रंग बघून जो उधळला तो थेट आमच्या इमारतीच्या धुराड्यावर जाऊन बसला. दाणे दाखवले, डबा वाजवला, शिव्या घातल्या. ढिम्म. रात्रभर तिथेच.

पलीकडून शुग ओरडला, "अगं बये, ढाबळ आहे की लिंबू? पाखरं ओळखीच्या रंगावर उतरतात! रॅबनं बावीस वर्षांत शिकवलं काय तुला?"

काहीच शिकवलं नव्हतं. मी शिकायला गेले कधी होते?

गुरुवार उजाडला तो भुरभुर पावसात. दहाला पाच कमी असताना इमरीची गाडी कोपऱ्यावरून वळली. मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. गाडी थांबली. काच दोन बोटं खाली आली.

"मिसेस मॅकगरी, हे काय?"

"खाली उतर, पोरा. गाडीतून बघणं बावीस वर्षं झालं."

उतरला बिचारा. त्याचे चकचकीत बूट, आमची माती. खुर्ची गाडीपुढेच ठेवून मी त्याला ढाबळीपर्यंत नेलं.

"रंग छान आहे," तो म्हणाला. "पण कबुतरं?"

"एक आत आहे. दुसरं ते काय, धुराड्यावर."

"म्हणजे येत-जात नाहीत?"

"येईल आता."

"दहा मिनिटं थांबतो," तो म्हणाला, आणि मोजणीची वही उघडून पेनाचं टोपण काढलं. 'वापर' या रकान्यावर त्याचं पेन आलेलं मला दिसत होतं.

दोरी ओढायची तर आत जायला हवं होतं. रॅबला बाहेर काढलं त्या दिवसापासून मी ती शिडी चढले नव्हते. दाणे टाकायचे ते खालूनच. दार उघडलं, आत शिरले. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवताना म्हटलं, "सरक रे जरा," आणि वर गेले. दोरी हातात घेऊन झरोक्याच्या आड बसले.

फटीतून मला धुराडं दिसत होतं आणि पलीकडची शुगची काळी ढाबळ. बोका हलायला तयार नाही. पाच मिनिटं गेली, सात गेली.

तेवढ्यात शुगच्या ढाबळीची झडप उघडली आणि निळी बाहेर आली.

तिनं त्याच्या छपरावर एक घिरटी घेतली, पंखांचे दोन टाळ्यांसारखे आवाज केले, आणि बोक्यानं मान ताठ केली. आला की मग तिच्या मागे, छाताड फुगवून! निळी सरळ आमच्याकडे वळली. रंग पिवळा असो नाहीतर जांभळा, जिथे डोळे उघडले ती जागा तिला ठाऊक होती. फळीवर उतरली, चार पावलं चालली, आत. मागून तो बावळट, आत. मी सगळा जोर लावून दोरी ओढली. खाडकन झडप पडली, आणि मी तिथे शिडीवर बसून लहान पोरीसारखी ओरडले.

"मिसेस मॅकगरी?" बाहेरून इमरीचा आवाज आला. "कुठे आहात?"

"इथेच! दिसते का मी?"

"नाही."

"पण आहे ना?"



निळीला छातीशी धरून बाहेर आले. पलीकडून शुग मुठी नाचवत होता. "चोर! दरोडेखोर! रविवारी परत नेतो की नाही बघ!"

"ये की! शिडीवरच बसलेय!" मीही ओरडले.

शुगसारखा मुरलेला गडी निळी जिथे जन्मली त्या ढाबळीसमोर तिला चुकून सोडतो? डोंबलाचं चुकून. पण मी आभार मानले नाहीत. मानले असते तर त्याचा अपमान झाला असता.

इमरी मात्र खूश झाला. त्यानं झोकात 'वापर: आहे' असं लिहिलं. "झालं तर! कुंपण रद्द. आणि आता ही जागा पडीक नाही, यादीतून निघाली. म्हणजे तीनशे बारा लोक आजपासून पडीक जमिनीजवळ राहत नाहीत. तुम्हीसुद्धा."

मला क्षणभर कळेना. मग कळलं.

"म्हणजे माती साफ झाली?"

"नाही, तसं नाही, पण..."

"एक कबूतर आत शिरलं, आणि एकतीस वर्षांचं विष गेलं?"

"रकान्यात एकच लिहिता येतं हो. वापरात, नाहीतर पडीक."

"दोन्ही लिही."

"तसं नसतं, मिसेस मॅकगरी."

"इथे तसंच आहे. तू उभा कशात आहेस ते बघ."

त्यानं खाली पाहिलं. बुटांभोवती हिरवी कड आली होती. तो पटकन बाजूला झाला, पण बाजूलाही तेच. इथे पाय ठेवायला दुसरी माती नाही.

"गाडीपुढे माझी खुर्ची आहे," मी म्हटलं. "मला आज काही काम नाही. आम्हाला हाकलायचं असलं की जागा ओसाड, आणि साफ करायची वेळ आली की गजबजलेली? तसलं चालणार नाही. समासात लिही, कुठेही लिही. जागा पडीक आहे, साफ करायची राहिलीय, यादीतून काढायची नाही. आणि माणसं इथे आहेत, कुंपण घालायचं नाही."

त्यानं गाडीकडे पाहिलं, तिच्यापुढच्या खुर्चीकडे पाहिलं. निळी माझ्या हातात गुटर्गू करत होती. मग त्यानं वही गुडघ्यावर टेकवली आणि समासात, बारीक अक्षरात, मी सांगितलं तसं लिहिलं. खाली सही केली.

"अजून एक ओळ," मी म्हटलं.

"आता काय?"

"बावीस वर्षं रॅब मॅकगरी इथे पडीक होता."

त्यानं मान वर केली. "पडीक? माणसाला असं लिहू?"

"हो. माझाच शब्द आहे. लिही."

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मग जाऊन गाडीपुढची खुर्ची उचलली.