मिठाच्या बरणीशेजारची बाटली

“येताना घरातली सगळी औषधं घेऊन या. एकही मागे ठेवू नका.” डॉक्टरीणबाईंचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कारखान्यात मला बिस्किटांसाठी घडवलं. ती संपल्यावर एका शिंपीकाकांनी मला बटणं ठेवायला नेलं. काका गिऱ्हाइकाला म्हणत, “बटण तुटलं तर या. पोट सुटलं तर मात्र माझ्याकडे येऊ नका!”

पुढे काकांच्या हृदयाची झडप बदलली. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. काकूंनी मला घासूनपुसून औषधांचा डबा केलं. केवढा मान वाटला मला!

एक दिवस काकांची थोरली बहीण आली. तिनं पिशवीतून एक बाटली काढली. आत मधाच्या रंगाच्या मऊ गोळ्या होत्या, ई जीवनसत्त्वाच्या, चांगल्या जोरदार.

“बाळ्या, किती वाळलास रे! रोज दोन घे.”

“डॉक्टरांना विचारायला नको, ताई?”

“अरे वेड्या, हे औषध थोडंच आहे? ताकदीचं आहे.”

“मग ताकद आली की आधी तुझ्याशीच पंजा लढवतो,” काका हसले.

औषध नव्हे, म्हणून ती बाटली माझ्यात आली नाही. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी राहिली. काकांनी नेम कधी मोडला नाही. बहिणीची माया ती, चुकवायची कशी?

मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर काळेनिळे डाग उमटले. सुई टोचली की काका कितीतरी वेळ बोट दाबून बसत. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कॉलरला रक्त लागलं. ती गार पाण्यात चोळत काकू म्हणाल्या, “अहो, हे लक्षण बरं नाही. दाखवून येऊ.”

डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर रिकामं केलं. रक्ताचा अहवाल पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“याशिवाय काही घेतात?”

“छे हो, काही नाही,” काकू म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती बाटली औषधात मोडतच नव्हती. मला ठाऊक होतं, पण मी पडलो डबा. गोळी थोडी कमी झाली, रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. त्याआधीच काका मशीनवर कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

इस्पितळातही काकूंनी मला बरोबर नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी वेगळं विचारलं. “औषधं राहू द्या. सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, ते सांगा.”

“चहा, दोन टोस्ट, मग ती ताकदीची गोळी...”

ती बाटली मागवून वाचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “इतक्या जोराचं ई जीवनसत्त्व, या गोळीबरोबर? रक्त थांबायला आणखी उशीर होतो हो. त्यानंच झालं असं नाही म्हणणार मी. पण भर पडली असणार.”

काकांची जीभ जड झाली होती. काकूंनी कान जवळ नेला.

“दाजींनाही... तीच रक्ताची गोळी आहे. ताई त्यांनाही ते देईल. तू जा. पण माझं यामुळे झालं, असं... तिला म्हणू नकोस.”

“नाही म्हणणार. शपथ.”

दोन दिवसांनी काका गेले.

मित्रांनो, जीवनसत्त्व वाईट नव्हे, शरीराला ते लागतंच. पण बाटलीतली ताकदही रक्तात जाऊन आपलं काम करते. घरातल्या मोठ्यांना कुणी मायेनं काही दिलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा. आपल्या मनानं काही सुरू करू नका, आणि डॉक्टरांची गोळी आपल्या मनानं बंदही करू नका. एवढंच मागणं आहे माझं.

काल भेटायला आलेल्या ताई निघताना काकूंच्या गळ्यात पडल्या. “एवढी ताकदीची गोळी देऊनही बाळ्या राहिला नाही गं! आता घरी ह्यांना तरी उद्यापासून न चुकता देते.”

चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर काकूंनी ताईंना नुसतं दारापर्यंत पोचवलं.

आज उजाडताच त्यांनी तोंड धुतलं, चपला घातल्या. जिन्यात शेजारीण म्हणाली, “अगं, चहा तरी घेऊन जा. एवढ्या सकाळी कुठे?”

“वन्संकडे,” काकू म्हणाल्या. “दाजींचा चहा व्हायच्या आत पोचायला हवं.”

त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.