बारावा कडी-कोयंडा

आमच्या गावात दाराला कुलूप म्हणजे माणूस गेल्याची खूण. राहत्या घराला बाहेरून नुसती लाकडी खिटी. फिरवली की दार लागलं. कुलपासाठी लोखंडी कडी-कोयंडा लागायचा तो गाव सोडताना, आणि तो बसवायला मला बोलावणं यायचं. मी गावचा सुतार. पहिला कडी-कोयंडा मी माझ्या थोरल्या भावाच्या दाराला ठोकला. दादा म्हणाला, "नीट बसव रे, लवकर येतो." तो अजून येतोच आहे. मग शिंपी गेला, न्हावी गेला. दुकानदार गेला त्या दिवशी तर हातोडी बोटावर बसली. लोकांना वाटलं, बोट ठेचलं म्हणून डोळ्यांत पाणी आलंय. वाटू दिलं.

शेवटचा होता शाळेचा. शिक्षण खात्याच्या साहेबांनी तो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. पटावर नऊ मुलं उरली होती. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पंधरा नसली, तर त्याच दुपारी शाळेला कुलूप. "तयार ठेवा मिस्त्री," साहेब म्हणाले. त्या शाळेतली बाकं माझ्या वडिलांनी केलेली. तिसऱ्या बाकावर मी खिळ्याने होडी कोरली होती आणि त्याबद्दल त्यांचाच मार खाल्ला होता. होडी अजून आहे. मी ती पुडी पेटीच्या तळाशी टाकली आणि वर रंधे, पटाशी, करवती सगळं रचलं.

खरं तर गावाकडे माणसं येऊ बघत होती. जवळच नवा दवाखाना आणि दूध डेअरी निघाली होती. तिथली माणसं जागा विचारत यायची, पण कुलपं लावून गेलेले लोक ना घर विकत, ना भाड्याने देत. शेवटी गावाने शाळेमागच्या मैदानावर बारा घरं बांधायचं ठरवलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या मैदानावर दादाने मला सायकल शिकवली होती.

"आता खेळायचं कुठे?" मी घरी तणतणलो.

"कोण खेळणारेय? तुम्ही?" आमची ही म्हणाली.

मी बारा दारांचं काम घेतलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी घरं ताब्यात द्यायची होती. टेम्पो लागले, माणसं उतरली. घरांचं काम बघणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी पहिलं दार पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मिस्त्री, कुलूप कुठे लावायचं?"

"कुलूप कशाला? माणसं राहायला आलीत ना?"

त्यांनी कपाळाला हात लावला. कामाच्या कागदावर कडी-कोयंडा लिहिलेला होता, मी वाचलाही होता. पण उभ्या आयुष्यात राहत्या घराला तो लावलाच नव्हता, हात आपला खिटीवरच गेला. बाराच्या बारा दारांना खिट्या! आणि वर माझा तोरा असा की चूक त्यांचीच.

शेवटच्या घराची नर्सबाई दोन मुलींना घेऊन उभी होती, हातात नवंकोरं कुलूप. "काका, मी दिवसभर दवाखान्यात असते. कुलूप लागत नाही त्या घरात मी सामान उतरवणार नाही." तिचं ऐकून बाकीचेही थांबले.

शाळेच्या बाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, मी टेम्पोतली मुलं मोजली. सात आहेत. नऊ आणि सात सोळा."

या वयात मी धावत घरी गेलो. पेटीत अकरा कडी-कोयंडे निघाले, गाव सोडणाऱ्यांसाठी आणून ठेवलेले. दुपारपर्यंत अकरा दारं केली. बारावं दार नर्सबाईचं. तालुक्याचं दुकान त्या दिवशी बंद. तिच्या दोन मुली गेल्या असत्या तर उरली असती चौदा. मी पेटी पालथी केली आणि ती पुडी घेऊन बाईंकडे गेलो.

"बाई, हा शाळेचा आहे."

बाईंनी पुडीकडे पाहिलं. "मग ठोका की. उद्या लागलाच तर साहेब दुसरा आणतील."

मी ठोकला. नर्सबाईने कुलूप लावलं, उघडलं, परत लावून पाहिलं, आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "उतरव." येणाऱ्या माणसासाठी मी पहिल्यांदाच कडी-कोयंडे ठोकले होते. तिथेच पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाईंनी हजेरी घेतली आणि मी खिडकीबाहेर बोटांवर मोजली. सोळा. साहेबांनी दोनदा खात्री केली, मग बाहेर येऊन म्हणाले, "तो कडी-कोयंडा परत द्या मिस्त्री."

"लागला," मी म्हणालो.

बंद झालेली एसटी त्या वर्षी परत सुरू झाली, बाहेरून आलेल्या एकाने दुकान उघडलं. या नव्या दुकानदाराला राहायला जागा मिळेना, तेव्हा मी धीर करून दादाला फोन लावला आणि त्याचं घर द्यायचं का विचारलं. तो म्हणाला, "दे. मी काही आता येत नाही."

इतकी वर्षं मला ते ठाऊक होतंच. मी त्याच्या दाराचा कडी-कोयंडा उपटला. खालचं लाकूड अजून ताजं होतं, दादा गेला त्या दिवशीसारखं. त्यावर मी नवी खिटी बसवली.

संध्याकाळी दुकानदार आला, दाराकडे पाहत म्हणाला, "मिस्त्री, कुलूप कुठे लावू?"

"घर माझ्या भावाचं आहे," मी म्हणालो. "याला आता कुलूप लागणार नाही."