अंगठी कोणाच्या हातात झुलते

रविवारी सकाळी विजेच्या सामानाच्या दुकानावरच्या सभागृहाकडे जाणारा जिना नवरा-बायकोंनी भरून गेला होता. घरी एकमेकांशी धड न बोलणारी ही माणसं इथे एकमेकांना खेटून उभी होती, कारण जिना अरुंद होता. थोड्या थोड्या वेळाने आतून "आऽऽ" असा आवाज यायचा आणि जिन्यावरच्या सगळ्या माना वर व्हायच्या. मग एखादं जोडपं बाहेर पडायचं. कधी दोघं नव्याने लग्न झाल्यासारखी हसत यायची, तर कधी बायको तरातरा पुढे आणि नवरा पिशव्या सांभाळत मागे.

ती आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या जिन्यावर उभं राहण्याची तिला जी लाज वाटत होती ती मुख्यतः यामुळेच. वर्गात "पुरावा काय?" विचारून पोरांना भंडावून सोडणारी बाई आज नवऱ्याला शेजारी घेऊन अंगठीबाबाच्या रांगेत उभी होती.

बाबा म्हटलं की दाढी डोळ्यांपुढे येते. याला दाढी नव्हती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरला चिमुकला माईक आणि मागे पाटी : 'नातेसंबंध-कंपनतज्ज्ञ'. लोक आपल्याला बाबा म्हणतात ते आवडत नाही, असं तो दर रविवारी सांगायचा आणि सांगताना भलताच खूश दिसायचा.

त्याची रीत साधी होती. बायकोने बोटातली लग्नाची अंगठी काढायची, हातभर दोऱ्याला बांधायची आणि दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ती एका रिकाम्या पेल्यावर लोंबती ठेवायची. कोपर टेकायचं नाही. समोर नवऱ्याने एक वाक्य बोलायचं. बाकी सगळं अंगठी करणार.

"मी काही करत नाही," अंगठीबाबा दोन्ही हात वर करून म्हणायचा. "मी इकडे लांब उभा. हात तुमचा, अंगठी तुमची, नातं तुमचं. पण सोनं सगळं लक्षात ठेवतं. ज्या दिवशी ते तुमच्या बोटात गेलं त्या दिवसापासूनचं प्रत्येक कंपन त्याच्यात साठलंय. पुढे-मागे झुलली तर खरं. आणि गोल फिरली तर..."

इथे तो थांबायचा, आणि सगळं सभागृह एका सुरात म्हणायचं, "खोटं!"

सोन्याला इतकी स्मरणशक्ती असती तर सराफाच्या दुकानात कानावर हात ठेवूनच बसावं लागलं असतं. पण असलं काही तिथे कोणाला सुचत नव्हतं. तिलाही सुचलं नाही.

ती इथवर आली ती हौसेने नव्हे. नवरा विमा कंपनीच्या कचेरीत होता. दुसऱ्या शाखेतल्या एका बाईशी त्याचं वर्षभर चालू होतं, ते गेल्या हिवाळ्यात उघडकीला आलं. तो रडला, ते संपवलं म्हणाला, माफी मागितली. मोडायचं नाही हे दोघांनी ठरवलं. जोडायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा शहाण्या माणसांसारखं त्यांनी समुपदेशक शोधायला घेतला, आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला.

पहिल्या ठिकाणी फोन घेणारी मुलगी दर वेळी "मी उलट फोन करते" म्हणायची. ती कोणाला करायची देव जाणे. दुसरे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. त्यांनी नवऱ्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हिच्याकडे वळून सांगितलं, पुरुषांचं असं होतं कधी कधी, तुम्हीही जरा नीटनेटक्या राहत चला. तिसरी बाई मुळात दहावीनंतर पुढे काय करावं ते सांगणारी निघाली. तिने दोघांची कलचाचणी घेतली आणि नवऱ्याला हिशेबाचं काम चांगलं जमेल असं कळवलं. चौथी डॉक्टर मोठ्या रुग्णालयात मानसोपचार करायची, आणि जो तो तिचं नाव घ्यायचा. तिची तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची.

दोन महिने! घरात एकाच पलंगावर दोन माणसं पाठीला पाठ लावून झोपतात, त्याचा फोन वाजला की ही मान वळवून नाव वाचते, आणि हे लोक म्हणतात दोन महिने थांबा. अशात शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी अंगठीबाबाचं नाव काढलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी दर रविवारी उपलब्ध होती.

त्यांची पाळी आली. तिने दोरा धरला. नवरा अंगठीबाबाने शिकवलेलं वाक्य बोलला, "आता माझं तिच्याशी काहीही नाही."

तिने जीव तोडून हात स्थिर धरला होता. तरीही अंगठी थरथरली, तिरकी गेली, वळली आणि पेल्यावर गोल फिरू लागली. आधी छोटं रिंगण, मग मोठं, मग पेल्याच्या काठाला टिंग करून लागेल इतकं मोठं. सभागृहाने "आऽऽ" केलं.

"हे खोटं आहे," नवरा म्हणाला. "मी तिचं तोंडही पाहिलेलं नाही त्यानंतर."

"अंगठी वाद घालत नाही, साहेब," अंगठीबाबा कनवाळूपणे म्हणाला आणि पुढच्या जोडप्याला खूण केली. ज्यांची अंगठी फिरली त्यांच्यासाठी त्याची दहा रविवारांची 'शुद्धी' होती, हे सांगायला त्याचा माणूस दाराशी उभाच होता.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, तू इथे राहू नकोस. तो बॅग भरून भावाकडे गेला.

घरात ती आणि सासूबाई उरल्या. सासूबाईंना मुलाचा प्रताप माहीत होता आणि त्यांनी त्याला बोलायचं ते बोलूनही घेतलं होतं. पण अंगठीने त्याला लबाड ठरवावं हे काही त्यांच्या पचनी पडेना. "आण बघू इकडे," त्या म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावर पेला ठेवला, चष्मा लावला, दोरा धरला आणि म्हणाल्या, "माझ्या मुलाचं आता तिच्याशी काही नाही."

अंगठी पुढे-मागे झुलली, अगदी सरळ रेषेत.

तिने सासूबाईंच्या हातातून दोरा घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. अंगठी गोल फिरली. तीच अंगठी, तोच पेला, तेच टेबल. सासूबाई म्हणाल्या, तुझा हात कडू आहे. तिच्यातली वर्गातली बाई मात्र इतक्या दिवसांनी जरा जागी झाली.

सासूबाईंना मात्र अंगठीचा नादच लागला. दूधवाला पाणी घालतो का, शेजारीण खरंच आजारी आहे का, सगळं अंगठीला विचारून झालं. एके दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातल्या एका बंद डब्यावर दोरा धरून उभ्या होत्या. "या डब्यात साखर आहे," त्या म्हणाल्या, आणि अंगठी झोकात पुढे-मागे झुलली. त्यांनी डबा उघडला. तळाशी चमचाभरही साखर नव्हती. शेवटची साखर हिनेच पहाटे चहात घातली होती.

"असं कसं," सासूबाई पुटपुटल्या. "मला वाटलं होतं आहे."

"काय म्हणालात, आई?"

"अगं, मला वाटलं होतं आहे म्हणून."

ती खुर्ची ओढून खाली बसली. मग उठली आणि तिने दोरा कपाटाच्या कडीला बांधला. नाही नाही ती वाक्यं अंगठीला ऐकवली. अंगठी ढिम्म हलली नाही. पुन्हा दोरा हातात घेऊन डोळे मिटले आणि सासूबाईंना पेला हळूच बाजूला सरकवायला सांगितला. अंगठी कुठेही, कशीही भरकटली. त्यातलं विज्ञान काही अवघड नव्हतं. जे घडेल असं मनात असतं, त्या दिशेने चिमटीतले बारीक स्नायू आपल्या नकळत हलतात. झोक्याला बोटाने जरी वेळेवर ढकलत राहिलं तरी तो उंच जातो, तसा दोरा ती इवलीशी हालचाल वाढवत नेतो. बघणाऱ्याला वाटतं अंगठी बोलली. सासूबाईंचा मुलावर विश्वास होता, त्यांची सरळ झुलली. हिच्या पोटात भीती होती, हिची फिरली. त्या सोन्याला नवऱ्याबद्दल काडीचंही माहीत नव्हतं.

तिला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी तिने वर्गात कोणालाच एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्या रविवारी ती सासूबाईंना घेऊन त्याच जिन्यावर उभी होती. पाळी आल्यावर तिने अंगठीबाबाला विनंती केली की दोरा आधी जोडप्यांसाठी ठेवलेल्या माईकच्या उंच दांडीला बांधूया. सभागृह बघत होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. अंगठी दांडीवरून लोंबली आणि शांत झाली. ती मोठ्याने म्हणाली, "दोन आणि दोन पाच." अंगठी हलली नाही.

"यंत्राला मन नसतं," अंगठीबाबा हसून म्हणाला. "दांडीत कंपन कुठून येणार?"

"बरोबर," ती म्हणाली. "मन हाताला असतं. मग सोन्याची आठवण कशाला सांगता? ज्याचा हात, त्याचंच मन बोलतं एवढंच सांगा ना. माझी सासू धरते तेव्हा माझा नवरा खरा, मी धरते तेव्हा तोच खोटा. तुम्हाला हवं तर डोळ्यांना पट्टी बांधून पुन्हा धरते. वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा, मला न दाखवता पेल्याखाली ठेवा. कुठलं खरं, कुठलं खोटं, सांगू दे अंगठीला."

"पट्टीने ऊर्जा अडते," तो म्हणाला, आणि त्याच्या माणसाने पुढचं जोडपं घाईघाईने आत घेतलं.

तिला वाटलं होतं आता लोक उठतील. पाच-सहा उठले. बाकीचे बसून राहिले, आणि कोणीतरी "वेळ खाऊ नका" असंही म्हणालं. जिन्यात एका बाईने तिचा दंड धरला. "माझी सरळ झुलली होती," ती बाई म्हणाली. "वर्षभराने मला झोप लागली. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" हिने एवढंच म्हटलं की नवरा खरा असेलही, पण ते दोऱ्याला माहीत नाही, तुम्ही त्यालाच विचारा. बाईने तोंड फिरवलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला फोन केला. हा फोन तिला सगळ्यात कठीण गेला. शेण त्याने खाल्लं आणि चूक कबूल करायची वेळ हिच्यावर आली. "अंगठीच्या सांगण्यावरून तुला घराबाहेर काढलं ते चुकलं," ती म्हणाली. "बाकी माझा राग आहे तसाच आहे. आणि तू खरं बोलतोस की नाही, ते मला माहीत नाही."

"मग मी येऊ का?" त्याने विचारलं.

"ये," ती म्हणाली.

रुग्णालयातली तारीख उजाडली तेव्हा दोघं एका छोट्या खोलीत तीन साध्या खुर्च्यांपैकी दोनवर बसली होती. तिने डॉक्टरांना पहिलाच प्रश्न विचारला, हा खरं बोलतोय की नाही हे तुम्हाला कळेल ना?

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला कळत नाही. आणि ज्याला बघताक्षणी कळतं तो तुम्हाला फसवतोय असं खुशाल समजा. तुमचा विश्वास कशाने बसेल, त्यासाठी यांनी रोज काय करायचं, तुम्ही काय विचारायचं, कसं पडताळायचं, हे आपण ठरवू. वेळ लागेल. जमेलच अशी हमी नाही."

तिचा संताप झाला. दोन महिने थांबून हे ऐकायचं? पण तिच्या हे लक्षात आलं, की इतक्या दिवसांत भेटलेल्या सगळ्या जाणकारांत 'मला कळत नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

ती नवऱ्याकडे वळली आणि हिवाळ्यापासून न विचारलेलं तिने विचारलं, "त्या वर्षभरात तुला घरी यावंसं का वाटत नव्हतं?"

तो म्हणाला, "माहीत नाही." डॉक्टर म्हणाल्या, चालेल, तिथूनच सुरू करा. तो अडखळत बोलायला लागला. मध्येच थांबला, एक वाक्य मागे घेतलं, दुसरं धरलं. ते ऐकायला तिला अजिबात आवडत नव्हतं, काही ठिकाणी तर उठून जावंसं वाटलं. पण ते तिच्या भीतीचं बोलणं नव्हतं. तो स्वतः बोलत होता, आणि ती ऐकत बसली.